ओवीतील चोळी : प्रतीक की वाटा?

भावाने दिलेली चोळी जात्यावरच्या ओवीत वारंवार येते. समीक्षेने तिला मायेचे प्रतीक ठरवून विषय संपवला. हे वाचन अपुरे आहे. हेमा राईरकर व गी पॉइत्व्हाँ यांच्या संकलनात लाखाहून अधिक ओव्या आहेत. त्या ऐकणाऱ्याने बावडा (ता. इंदापूर) परिसरातील उसाची जमीनही ध्यानात घ्यावी. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ साली मिळाला, तोही आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून; देशभर तो २००५ साली आला. ओवी त्याआधीची. तिच्या काळी माहेराकडे मागण्याजोगे चोळीखेरीज फारसे काही नव्हते.

सासरचे जाते टाकी लावली की पिढ्यानपिढ्या चालते. माहेरची चोळी मात्र विरते. ती लेकीकडे वारसा म्हणून जात नाही, दर सणाला नव्याने मिळवावी लागते. (तिच्या भावमूल्याचे मूळ बहुधा या नाशिवंतपणातच असावे.) भावजयीने हलका खण निवडायला लावला, ही ओवीतील नेहमीची तक्रार प्रतीकवादी वाचनाला क्षुद्र वाटते, चोळी हा नाकारलेल्या वाट्याचा अवशेष मानला, की तीच तक्रार नेमका हिशेब ठरते.