"आता काय वाचू?" : आवडती गोष्ट संपल्यानंतरचा प्रश्न

(लाखनी इथं झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



विषय वाचून काहींना वाटलं असेल, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? एक पुस्तक संपलं, दुसरं घ्यायचं. त्यात बोलण्यासारखं काय आहे? मलाही असंच वाटायचं. म्हणून सुरुवातीलाच माझी एक चूक सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी आठवीतली एक मुलगी माझ्याकडे आली. हॅरी पॉटरचे सातही भाग तिनं मराठीतून वाचून काढले होते. शेवटचा भाग हातात होता आणि तो परत करवत नव्हता. म्हणाली, "सर, हे तं संपलं जी. आता काय वाचू?" मी पडलो मराठीचा मास्तर. मनात म्हटलं, चला, पोरगी वाचती झाली, आता हिला खऱ्या साहित्याकडे न्यावं. आणि तिच्या हातात एक जाडजूड, पुरस्कार मिळालेली, दुष्काळावरची कादंबरी दिली. कादंबरी चांगली होती, आजही मी ती चांगलीच म्हणेन. चौथ्या दिवशी तिनं ती परत आणली. "झाली वाचून?" "नाही जी." त्यानंतर ती पुस्तक मागायला आली नाही.

बरेच दिवस मी दोष तिलाच देत होतो. आजकालच्या पोरांना चटपटीत पाहिजे, वगैरे वगैरे. पण सात जाड पुस्तकं वाचणारी मुलगी आळशी कशी असेल? तिनं मला रस्ता विचारला होता. मी तिला सांगितलं, तू आजवर चाललीस तो रस्ताच नव्हता. अपमान होता तो. वाचक तुटतो तो बहुतेक वेळा अशाच जागी तुटतो. पुस्तकाच्या मधे नाही, दोन पुस्तकांच्या मधे.

आता हा प्रश्न काही आपल्या लाखनीतच पडतो असं नाही. टोलकिनचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ साली तीन खंडांत आलं. मुग्धा कर्णिक यांनी ते 'स्वामी मुद्रिकांचा' या नावानं मराठीत आणलं आहे. १९६५ साली अमेरिकेत त्याच्या स्वस्त आवृत्त्या निघाल्या आणि कॉलेजातली पोरंपोरी अक्षरशः वेडी झाली. मग तोच प्रश्न आला : हे संपलं, आता काय? बॅलंटाइन नावाच्या प्रकाशन संस्थेनं या प्रश्नाला दोन वेगवेगळी उत्तरं दिली.

पहिलं उत्तर १९६९ मधलं. लिन कार्टर या संपादकाला बसवून त्यांनी एक मालिका सुरू केली आणि मागं वळून शोध घेतला. टोलकिनच्या आधी असं कोणी लिहिलं होतं? विल्यम मॉरिस, लॉर्ड डनसेनी अशी विसरलेली, धूळ खात पडलेली नावं पुन्हा छापली. १९७४ पर्यंत ही मालिका चालली. दुसरं उत्तर १९७७ मधलं. त्याच संस्थेनं टेरी ब्रुक्स यांचं 'द स्वोर्ड ऑफ शॅनारा' छापलं. टोलकिनचाच साचा. तसाच म्हातारा मार्गदर्शक, तशीच सोबत्यांची टोळी, तसाच काळोखाचा राजा. टीकाकारांनी नक्कल म्हणून झोडपलं, पण खप प्रचंड झाला.

मी ब्रुक्सच्या वाचकांना हसणार नाही. विरह झालेल्या माणसाला सारखा चेहरा दिसला की तो थांबतोच. पण 'अगदी तसंच' हवं असलेल्या वाचकाला 'अगदी तसंच' दिलं की होतं काय? पहिल्या पुस्तकात जे पहिल्यांदा घडलं होतं, ते आता दुसऱ्यांदा घडतं. नेमकं ते पहिलेपणच तर त्याला हवं असतं. म्हणून नक्कल भूक चाळवते, भागवत नाही. म्हणजे 'अगदी तसंच' हे उत्तर चूक, आणि माझ्यासारखं 'हे सोड, मोठी हो' हे उत्तर त्याहून चूक.

माझं उत्तर चूक होतं खरं, पण ते माझ्या एकट्याचं नव्हतं. त्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. मराठी कादंबरी सुरुवातीला अद्भुतातच रमलेली होती, बरं का. हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची. रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ सालची. या 'मंजुघोषा'च्या प्रस्तावनेत रिसबूड जे म्हणतात त्याचा मथितार्थ असा : आपल्या लोकांच्या रोजच्या जगण्यात रंजक असं काही घडतच नाही, म्हणून मनोरंजक पुस्तक लिहायचं तर अद्भुताचा आसरा घ्यावा लागतो. म्हणजे बघा, अद्भुत लिहिणारा लेखकच अद्भुताबद्दल कबुलीजबाब देतोय! त्याला अद्भुत हवं होतं म्हणून नाही, तर घरात दुसरं काही शिजवायला नव्हतं म्हणून.

मग हरिभाऊ आपटे आले. १८९० पासून 'करमणूक'मधून 'पण लक्षात कोण घेतो' येऊ लागली आणि हरिभाऊंनी रिसबुडांचं म्हणणं पार उलटवलं. रोजच्या जगण्यात, एका मुलीच्या सासर-माहेरात, जीव गोळा करणारी गोष्ट असते हे त्यांनी दाखवलं. फार मोठं काम झालं ते. त्यात कमीजास्त बोलायला जागा नाही. पण त्याचा एक परिणाम असा झाला की वास्तव म्हणजे प्रौढ आणि अद्भुत म्हणजे पोरकट, अशी वाटणी मराठी समीक्षेत ठरून गेली. अद्भुताची रवानगी झाली बालनाट्यात आणि गूढकथेच्या भाड्याच्या पुस्तकांत. आम्ही मास्तर लोक तीच वाटणी शिकलो, तीच शिकवली. त्या मुलीला मी जे दिलं, ते माझ्या अभ्यासक्रमानं मला दिलेलं होतं.

यावर टोलकिननं १९३९ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज इथं परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात चोख उत्तर दिलं आहे. त्याचं म्हणणं असं की पळून जाणारे दोन प्रकारचे असतात. एक रणांगणातून पळणारा, आणि दुसरा तुरुंगातून सुटू पाहणारा. कैद्यानं घराची आठवण काढली तर त्याला भेकड म्हणू नका. टीकाकार या दोघांत गल्लत करतात.

बरं, मग उत्तर काय? मला वाटतं, 'काय वाचू' या प्रश्नाला पुस्तकाचं नाव सांगण्याआधी उलट प्रश्न विचारला पाहिजे : तुला त्या गोष्टीत नेमकं काय सोडवत नाहीये? एकाच हॅरी पॉटरचे दहा वाचक घ्या, दहा जणांना दहा गोष्टी लागलेल्या असतात. एखादा भीतीसाठी वाचतो, एखादा मैत्रीसाठी. एखाद्याला फक्त ते जग हवं असतं, कथानक नसलं तरी चालतं. जे लागलं आहे त्याचा माग काढायचा. मग पुढचं पुस्तक वेगळ्या तोंडवळ्याचं असलं तरी चालतं.

चार उदाहरणं देतो.

पहिला वाचक, ज्याला जादू शिकण्याची गंमत लागली. त्याला इंग्रजी जमत असेल तर अर्सुला ले ग्विन यांचं 'अ विझार्ड ऑफ अर्थसी' द्यावं. १९६८ सालचं पुस्तक, म्हणजे हॅरीच्या जवळपास तीस वर्षं आधीचं. इथंही मुलगा आहे, जादूची शाळा आहे. पण इथला शत्रू बाहेरचा कोणी दुष्ट जादूगार नाही. मुलानं गर्वाच्या भरात स्वतःच मोकळी सोडलेली सावली आहे ती. तीच आवड, पण तिला एक पायरी खोल नेलं आहे. पुढचं पुस्तक असं असावं.

दुसरा वाचक, ज्याला भीती आणि भीतीपासून सांभाळणारं कोणी, हे दोन्ही हवं आहे. त्याच्यासाठी नारायण धारप आहेत. धारपांवर एक आक्षेप खराच आहे. 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे, आणि हे वाचकाला सांगून द्यावं. पण त्यांच्या 'समर्थ' कथा बघा. काळोखाला नियम असतात आणि ते नियम जाणणारा एक शांत माणूस असतो, ही रचना डम्बलडोर आवडलेल्या मुलाला लगेच ओळखीची वाटेल. 'तुंबाड' सिनेमा ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला हरकत नाही, त्याच्या मुळाशीही धारपांची एक कथा आहे.

तिसरा वाचक जरा मोठा, ज्याला प्रवास आणि त्याची किंमत लागली. फ्रोडो अंगठी घेऊन निघतो आणि घरी परत येतो तेव्हा घर त्याचं राहिलेलं नसतं, हे ज्याला विसरता येत नाही तो. त्याला मी जी. ए. कुलकर्णींचं 'रमलखुणा' देईन. १९७५ सालचं. त्यात दोनच दीर्घकथा आहेत, 'प्रवासी' आणि 'इस्किलार'. ज्या मराठीत अद्भुत पोरकट ठरलं होतं, त्याच मराठीत धारवाडला इंग्रजी शिकवणाऱ्या या माणसानं कुठल्याच नकाशावर नसलेला मुलूख उभा केला आणि समीक्षकांना मान खाली घालून तो वाचायला लावला. मात्र एक सूचना : जी. ए. दिलासा देत नाहीत. बारा वर्षांच्या मुलाला हे देऊ नका. विशीत द्या.

चौथा वाचक माझा आवडता. त्याला राक्षस नको, युद्ध नको. त्याला ते जंगल हवं. टोलकिनची झाडं, त्यांची नावं, त्यांची जुनी भाषा. त्याला काय द्यावं? मी मारुती चितमपल्ली देईन. तुम्ही म्हणाल, ती काय फॅन्टसी आहे? नाही. पण 'नवेगावबांधचे दिवस' उघडा. तळं, पक्षी, रात्रीचं रान, आणि त्या रानाबद्दल जुन्या माणसांनी सांगून ठेवलेलं. आणि हे रान तेव्हाच्या आपल्याच भंडारा जिल्ह्यातलं, गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो पुढं १९९९ साली. परक्या जगाची ओढ लागलेल्या वाचकाला आपलंच जग अनोळखी करून दाखवणारं पुस्तक मिळालं, तर तो दोन्हीकडे राहू शकतो.

हे चारही रस्ते ज्याला पुरले नाहीत, ज्याला गोष्ट संपूच नये असंच वाटतं, त्याच्यासाठी आपल्याकडे सगळ्यात जुनं उत्तर आहे. 'कथासरित्सागर'. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं ते संस्कृतात रचलं, मराठीत अनुवाद उपलब्ध आहे. गोष्टीतून गोष्ट निघत जाते, वेताळाच्या पंचवीस गोष्टीही त्याच्याच पोटात. पण या ग्रंथाच्या तोंडाशी जी गोष्ट आहे ती मला आज इथं सांगितलीच पाहिजे.

गुणाढ्य नावाचा पंडित. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाच्या दरबारातला. पैज हरल्यामुळं त्यानं सगळ्या प्रतिष्ठित भाषा सोडल्या आणि पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्तानं, सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. राजाकडे पाठवली. राजा म्हणाला, भाषा पिशाच्चांची आणि शाई रक्ताची, नको मला. गुणाढ्य टेकडीवर गेला, अग्नी पेटवला, आणि एकेक पान वाचून आगीत टाकू लागला. ऐकायला कोण? रानातले प्राणी. ते चरायचं विसरले, डोळ्यांतून पाणी, गोल करून बसले. इकडे राजा आजारी पडला, कारण ताटातलं मांस कोरडं झालं होतं. चौकशी केली तर कळलं, जनावरं गोष्ट ऐकत बसली आहेत, खात नाहीत. राजा धावत गेला. तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. एक लाख उरले.

आपल्या जिल्ह्यात पवनीला १९६९-७० मध्ये उत्खनन झालं, सातवाहन काळापर्यंतच्या खुणा तिथं निघाल्या. म्हणजे ही गोष्ट आपल्यापासून वाटते तितकी दूरची नाही.

आता मला सांगा, या गोष्टीत चुकलं कोण? राजानं गोष्ट वाचलीच नाही. त्यानं भाषा बघितली, शाई बघितली, म्हणजे प्रतिष्ठा बघितली. मी त्या मुलीच्या बाबतीत हेच केलं होतं. तिच्या हातात हॅरी पॉटर होता आणि मी तो स्वतः वाचलेलाही नव्हता. पुढं वाचला. मराठीत पहिल्या भागाचं नाव 'हॅरी पॉटर आणि परीस' असं आहे. परीस! आपल्या संतांच्या घरातला शब्द. दरवाजा तिथंच होता, मला दिसला नाही.

तेव्हा ग्रंथालयाच्या मंडळींना आणि शिक्षकांना एकच विनंती. उद्या एखादं पोर येऊन म्हणालं, "संपलं जी, आता काय वाचू?" तर लगेच कपाटाकडे धावू नका. खुर्ची द्या. म्हणा, "बस. आधी मला ती गोष्ट सांग." ते सांगताना कुठं थांबतं, कुठं डोळे मोठे करतं, ते बघा. पुढचं पुस्तक तिथंच सापडतं. आणि नाहीच सापडलं, तर तेच पुस्तक पुन्हा वाचायला द्या. त्यात काही कमीपणा नाही.

ती मुलगी आज कुठं असेल, मला माहीत नाही. भेटली तर मी तिला पुस्तक देणार नाही. आधी विचारीन, सातव्या भागाच्या शेवटी तुला काय वाटलं होतं? तो प्रश्न माझ्याकडे उधार आहे.

 आता तुम्ही बोला, मी ऐकतो.