‘संपर्क’ या संज्ञेची मर्यादा

फोम व विद्युत्-उपकरणांच्या प्लॅस्टिकमध्ये घातली जाणारी ब्रोमीनयुक्त ज्वालारोधके मानवी शरीरात किती जातात, हे प्रयोगशाळांत घरातील धूळ, सिलिकोनची मनगटपट्टी व रक्तद्रव यांवरून ठरविले जाते. आणि तिन्ही मापनांस बहुधा ‘संपर्क’ हेच नाव मिळते. हा संज्ञासंकर निष्कर्षास बाधक होय. धूळ परिसराची साक्ष देते, पट्टी काही दिवसांच्या सान्निध्याची. शरीरातील साठा रक्तावरूनच कळतो. तोही एकविध नव्हे. डेकाब्रोमोडायफिनिल ईथरचा रक्तातील अर्धायुकाल सुमारे १५ दिवसांचा, तर कमी ब्रोमीनच्या काही संयुगांचा कित्येक वर्षांचा आहे.

खापरखेड्याचे उदाहरण घ्यावे. तेथे १३४० मेगावॉटचे औष्णिक विद्युत्केंद्र आहे. कोळशाची राख घरातील धुळीत मिसळल्यास दर ग्रॅम धुळीतील ज्वालारोधकाचे प्रमाण घटलेले दिसेल. मुलांच्या हातास लागणारे द्रव्य मात्र तेवढेच राहील. म्हणून अशा गावी दर चौरस मीटर पृष्ठभागावरील मात्राही मोजणे अगत्याचे आहे.

‘परिसरमात्रा’, ‘सान्निध्य’ व ‘शरीरभार’ या संज्ञा पृथक् ठेविल्याखेरीज ‘धोका अल्प’ हे विधान करण्याचा अधिकार अभ्यासकास पोहोचत नाही.