गुरुवारचा बँड आणि कांटची मेजवानी

मंडळी, राजगडाच्या पायथ्याशी, पालीसारख्या गावात येऊन बारमध्ये वाजणाऱ्या बँडवर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. पण मघाशी इथे देवळात रात्रीच्या भजनासाठी पखवाजाला कणीक लावताना पाहिलं आणि धीर आला. दर आठवड्याला, त्याच जागी, त्याच माणसांनी वाजवायचं, ही गोष्ट तुम्हाला समजावून सांगायला नको. आमचा विषय तेवढाच आहे.

पुण्यात एक लहानसा बार आहे. दहा-बारा टेबलं, बस्स. तिथे दर गुरुवारी चार जणांचा बँड जॅझ वाजवतो: सॅक्सोफोन, गिटार, बास आणि ड्रम. नातीने आम्हाला ओढून नेलं. आम्ही लिंबू सरबत मागवलं (ते काही फार स्वस्त पडलं नाही) आणि पहिल्याच गुरुवारी निकाल देऊन मोकळे झालो की हे संगीत नव्हे, ही नुसती पार्श्वभूमी. लोक गप्पा मारत होते, काटेचमचे वाजत होते, एका टेबलावर तर वाढदिवसाचा केक कापणं चालू होतं.

घरी आल्यावर ध्यानात आलं, हे मत आमचं नव्हेच, कांटचं आहे. निर्णयशक्तीची चिकित्सा करणारा त्याचा ग्रंथ १७९० चा. त्याच्या ४४व्या कलमात तो मेजवानीतल्या संगीताबद्दल बोलतो. त्याचं म्हणणं आमच्या शब्दांत असं: ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे, तिच्या रचनेकडे कुणी तिळमात्र लक्ष देत नाही, पण तिच्यामुळे मन प्रसन्न राहतं आणि शेजाऱ्याशी मोकळेपणाने बोलता येतं. म्हणून ती सुखकर कला. सुंदर कलेच्या पंगतीत तिला पाट नाही. आम्ही वर्षानुवर्षं हे वर्गात शिकवलं, लग्नातल्या सनईचं उदाहरण दिलं आणि घाईने पुढच्या कलमाकडे वळलो. त्या सनईवाल्यांची आज माफी मागायला हवी.

कारण आम्ही सलग सात गुरुवार गेलो. पहिल्या गुरुवारी एका संथ चालीत सॅक्सोफोनवाला प्रत्येक मोकळी जागा भरून काढत होता. शांततेची भीती वाटते तसा. तिसऱ्या गुरुवारी तीच चाल आली, पण त्याने एका ठिकाणी फुंकर थांबवली. बासवाल्याला जागा मिळाली आणि तो आत आला. दोन-तीन सूरच, पण चाल बदलली. हे आम्हाला कळलं ते कान तयार आहे म्हणून नव्हे, पहिला गुरुवार लक्षात होता म्हणून. कांटच्या डोळ्यांसमोर एकच मेजवानी होती. दर आठवड्याची मेजवानी त्याने विचारात घेतली नाही. तिथे लक्ष न देणारा माणूसही साठवत जातो. पाचव्या गुरुवारी ड्रमवाला आला नाही. स्टेजकडे कायम पाठ करून बिलं लिहिणारा वेटर आम्हाला म्हणाला, ‘‘आज काहीतरी खाली-खाली वाटतंय, सर.’’ हा रचनेविषयीचाच निर्णय झाला की नाही? आणि तो अशा माणसाने दिला, ज्याने आयुष्यात तिकीट काढून मैफल ऐकली नसेल.

आता उलट बाजू. नेमाने सवय लागते तशी खोडही लागते. गिटारवाल्याची एक झपाझप उतरणारी तान आहे, तिला दर वेळी टाळी पडते. मग ती लागेल तिथे आणि न लागेल तिथेही येते. आणि सहाव्या गुरुवारी कुणीतरी हिंदी गाण्याची फर्माईश केली, ती त्यांनी तोंड वाकडं करून वाजवली. हे आम्हाला बिलकुल आवडलं नाही. या पेशातल्या त्यांच्या पूर्वजांनी असा तोरा मिरवला नव्हता.

चिक चॉकलेट हे नाव किती जणांनी ऐकलंय? गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, ट्रम्पेटवाला. मुंबईच्या ‘ताज’मध्ये त्याचा बँड वाजायचा. ताज म्हणजे काही लहान बार नव्हे, पण नोकरी तीच: समोरचे जेवताहेत, नाचताहेत, तुम्ही वाजवा. हाच माणूस पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचा, म्हणजे सी. रामचंद्रांचा सहायक. १९५१ च्या ‘अलबेला’त त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. गोव्याच्या चर्चमधल्या शाळांत नोटेशन शिकलेली अशी कितीतरी माणसं रात्री हॉटेलात आणि दिवसा स्टुडिओत वाजवत होती. रात्री पाहुण्यांपुढे तयार झालेला हात दिवसा सिनेमात उतरला आणि तिथून आमच्या लहानपणीच्या वरातींत, बँडवाल्यांच्या क्लॅरोनेटवर आला. म्हणजे तो मावळातसुद्धा वाजला. फक्त त्याचं नाव कुणी विचारलं नाही.

खरं दुखणं तिथे आहे. चर्चगेटला अ‍ॅस्टोरिया हॉटेलातल्या ‘व्हेनिस’मध्ये ख्रिस पेरीचा बँड असायचा आणि लॉर्ना गायची. त्यांच्या कोंकणी तबकड्या आज गोव्यात घरोघरी ऐकल्या जातात. त्या रात्री मात्र गेल्या. नरेश फर्नांडिस यांनी ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) या पुस्तकात त्या जमान्याचा माग काढलाय: फोटो, जुन्या तबकड्या, म्हाताऱ्या वादकांच्या आठवणी. पुस्तक जरूर वाचा. पण वाचताना जाणवतं की आपल्या सौंदर्यशास्त्राला हातात धरता येईल अशी कृती लागते: पोथी, चित्र, तबकडी. नेमाने वाजवणाऱ्याकडे कृती नसते, फक्त हजेरी असते. हजेरीचं मोल ठरवायला आमच्या शास्त्राकडे शब्दच नाही. ‘रियाझ’ म्हणावं तर तो बंद दाराआड. हा चारचौघांत, केक कापणाऱ्यांसमोर.

सातव्या गुरुवारी ड्रमवाला परत आला. त्या वेटरने मान वळवून एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा बिल लिहायला लागला. आम्ही आठव्या गुरुवारी जाणार होतो, पण इथलं निमंत्रण आलं.

असो. पखवाज लागलेला दिसतोय. भजन सुरू होईपर्यंत कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. नंतर आम्ही मागे बसणार आहोत, आणि थोड्या गप्पाही मारणार आहोत.