नाचाकडे न बघणारा राजा

(विश्रांतवाडीत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागे आवाज येतोय ना? बरं. आज एकच चित्र बघायचंय, त्यामुळे घाई नाही.

अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातली ही नर्तकी. तुम्ही तिला पाहिलेलं आहे. लेण्यात गेला नसाल तरी कॅलेंडरवर, नृत्याच्या क्लासच्या भिंतीवर, एखाद्या पुस्तकाच्या कव्हरवर नक्की. मधोमध कमरेत वळलेली बाई, अंगात लांब बाह्यांचं वस्त्र, खाली पट्ट्यापट्ट्यांचं नेसण, डोक्यावर दागिने. भोवती बायकांचाच ताफा. कुणाच्या हातात बासरी, कुणाच्या टाळ, कुणी मृदंगासारखं वाद्य वाजवतेय. बघितल्याबरोबर वाटतं, काहीतरी सण आहे. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. कारण माझ्याकडे होतं ते चित्र तेवढंच होतं. बाकीची भिंत कापलेली!

जुनं चित्र समोर आलं की आपण आधी कपडे बघतो. त्यात वाईट काही नाही. इथून जवळ, येरवड्याला डेक्कन कॉलेज आहे. पुढे त्याचे संचालक झालेले म. के. ढवळीकर यांचं अजिंठ्याच्या सांस्कृतिक अभ्यासावरचं पुस्तक १९७३ साली पुणे विद्यापीठानं काढलं. वेशभूषा, वाद्यं, घरातल्या वस्तू यांचा धांडोळा चित्रांवरून कसा घ्यायचा, हे त्यातून कळतं. पण कपड्यांवरून एकदम कथेवर उडी मारली की माणूस आपटतो. मोठा माणूसही आपटतो.

याच लेण्यात उंच टोप्या घातलेल्या परदेशी माणसांचं एक दरबारी दृश्य आहे. जेम्स फर्ग्युसननं १८७९ मध्ये ठरवून टाकलं की हे इराणी आहेत, म्हणजे ही इराणच्या खुस्रोनं दुसऱ्या पुलकेशीकडे पाठवलेली वकिलात. छतावर तसेच टोपीवाले पेयपान करत बसलेत, तर तो खुद्द खुस्रो आणि शेजारी शिरीन! टोप्या इराणी वळणाच्या असतीलही. पण पुलकेशी सातव्या शतकातला. आणि वॉल्टर स्पिंक यांनी हे लेणं वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं ठरवलं. दीडएकशे वर्षांची गफलत. पुढे डीटर श्लिंगलॉफ यांनी त्या दरबारात बौद्ध कथाच वाचून दाखवली. तरी ‘इराणी वकिलात’ हे नाव काही जात नाही. एकदा बारसं झालं की झालं. (हशा)

आता नर्तकीकडे येऊ. ती डाव्या भिंतीवर आहे आणि ती भिंत महाजनक जातकाची आहे. मिथिलेचा राजा महाजनक, राणी सीवली. राजाचं मन राज्यातून उठलंय. भिंतीवर तो महालात बसलाय आणि राणी त्याच्याकडे कललीय. जवळच हा नाच. त्याच्या पलीकडे दरवाजातून राजा हत्तीवर बसून निघालाय, कुणाला भेटायला तर एका तपस्व्याला. पुढे तो आपला निर्णय सांगतो, आणि नंतर घोड्यावरून नगर सोडतो.

म्हणजे नाच कुठे आहे बघा. सिंहासन आणि दरवाजा यांच्यामध्ये. हा रोजचा दरबारी विरंगुळा आहे, असं कुणी म्हणेल. चित्रात तसं काही लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे म्हणू द्या. मला मात्र जे राणीचा डाव म्हणतात त्यांचं पटतं. जाऊ पाहणाऱ्या माणसाला अडवायला तिनं घरातलं सगळ्यात सुंदर ते पुढे केलंय. आणि ज्याच्यासाठी हे चाललंय, तो नाचाकडे बघत नाही. निदान मला तरी त्याची नजर तिकडे वळलेली दिसत नाही. लग्नघरात हळदीच्या रात्री सगळे नाचत असतात आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक जण गप्प बसलेला असतो. त्याचं काहीतरी ठरलेलं असतं. तसं.

कपड्यांचा उपयोग इथे होतो. राजाराणीच्या अंगावर दागिने भरपूर, कापड कमी. सगळ्यात जास्त कापड नर्तकीच्या अंगावर. त्यामुळे आपला डोळा तिच्याकडेच जातो. चित्रकारानं आपल्याला तिच्याकडे बघायला लावलंय आणि राजाला लावलेलं नाही. सगळी गोम तिथे आहे, आणि चौकट कापली की नेमकी तीच जाते.

काही जण लगेच म्हणतात, म्हणजे संसार असार, नाच ही माया. छे! एवढं सोपं नाही हो. माया दाखवायची होती तर नाच फिका काढला असता. इथे ते एकेक बोट, तो कमरेचा झोक, जीव ओतून काढलाय. हा विहार आहे, बाजूच्या भिंतींत भिक्षूंसाठी खोल्या कोरल्यात. घर सोडून आलेल्या माणसांसाठीच्या जागेत, त्यांनी जे सोडलं ते इतकं देखणं काढून ठेवायचं! राजा काहीतरी किरकोळ टाकून गेला, असं हा चित्रकार म्हणूच देत नाही.

एक सावधगिरी. रंगांवर फार बोलू नका. १९२० ते २२ मध्ये निजाम सरकारनं इटालियन तज्ज्ञ आणले. त्यांनी चित्रं पक्की केली, त्याबद्दल उपकारच, पण वर लाखेचं रोगण दिलं. ते पिवळं पडलं. पुढे पुरातत्त्व खात्याला ते उतरवत बसावं लागलं. जुन्या छापील चित्रातला तो सोनेरी उजेड बघून मी एकदा कॉलेजात दिव्यांच्या प्रकाशावर पाच मिनिटं बोललो होतो. तो उजेड बराचसा रोगणाचा होता!

हं, विचारा. ...राणीचं पुढे काय झालं? पाली कथेत ती मागे फिरत नाही. त्याच्यामागून चालत राहते, तो परोपरीनं सांगतो तरी. शेवटी तीही संन्यास घेते. भिंतीवर आपण पाहिलेल्या दृश्यात ती अजून त्याच्याकडे कललेली आहे. पुढचा प्रश्न? जरा माईक द्या त्यांना.