बस्त्याचा काठ आणि आडवा धागा

जुन्या कागदांच्या याद्या करणारांची एक चमत्कारिक रीत दिसून येते. कागदाचा पोत, शाईचा रंग, मोडीचें वळण, शिक्क्याची अक्षरें यांची बारकाईनें नोंद करावयाची, आणि ज्या कापडानें ते कागद पिढ्यानुपिढ्या राखले त्याविषयीं मात्र ‘वेष्टण : जुनें कापड’ एवढे तीन शब्द लिहून मोकळें व्हावयाचें. पुण्याच्या पेशवे दप्तरांत २७ हजारांहून अधिक मराठी रुमाल आहेत. त्यांस रुमाल हें नांवच मुळीं कापडावरून पडलें. असें असतां कापड हें पुराव्याचें अंग नव्हे, असें आपण कां मानावें, हें आम्हांस समजत नाहीं.

बिलोलीसारख्या तालुक्यांत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. मराठी व तेलुगु मुलखांच्या सांध्यावरील हें गांव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. त्यामुळें मोडी दप्तराच्या शेजारीं फारसी व उर्दू कागद निघणें येथें नवलाचें नाहीं. जिल्ह्याचें ठाणें नांदेड हें एके काळीं तलम कापडासाठीं प्रसिद्ध होतें. पुढें निजामाच्या अमदानींतच तेथें उस्मानशाही मिल निघाली. १९७४ सालीं तिचें राष्ट्रीयीकरण झालें व कालांतरानें ती बंद पडली. तेव्हां एकाच घरांतील दोन बस्त्यांपैकीं एकावर हातमागाचें व दुसऱ्यावर गिरणीचें वस्त्र असणें सहज शक्य आहे. तें ओळखण्यासाठीं संग्राहक ज्या खुणा वापरतात, त्यांतील तिहींचा येथें विचार करूं.

पहिली खूण अशी सांगतात कीं, कडेस दशा लोंबत असल्या म्हणजे वस्त्र हातमागाचें. ही समजूत टिकणारी नाहीं. दशी म्हणजे वस्तुतः ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, टोंकांची. मागावर एक वस्त्र संपून दुसरें सुरू होतें, तेथें थोडा ताणा न विणतां सोडतात. तो कापला कीं वस्त्राच्या दोन्ही शेवटांस दशा राहतात. हें हातमागावर होतें तसेंच यंत्रमागावरही होतें. परंतु दशा लांबीच्या कडेस, म्हणजे काठाच्या बाजूस, असतील तर त्या आडव्या धाग्याच्या, बाण्याच्या, होत. आणि धोट्याच्या कोणत्याही मागावर काठास अशीं सुटीं टोंकें सहसा राहत नाहींत. धोट्याच्या पोटांतील कांडीवरून सूत सुटत जातें, धोटा पलीकडे पोंचून परत फिरतो, आणि सूत न तुटतां काठाशीं वळण घेतें. सबब काठास बाण्याच्या दशा दिसल्या तर एक तर तेथें कोणी कात्री लावली आहे, नाहीं तर तें वस्त्र धोट्यावांचून विणलेलें आहे. म्हणजे जी खूण प्राचीनत्वाची म्हणून दाखविली जाते, तीच अर्वाचीनत्वाची निघण्याचा संभव आहे.

दुसरी खूण पहिलीचीच उलट बाजू : काठ सरळ व बंद असला म्हणजे कापड गिरणीचें. हेंही निराधार. जॉन के यानें १७३३ सालीं फेंकीचा धोटा काढला, कार्टराइटनें १७८५ सालीं यंत्रमागाची सनद घेतली, आणि पुढें १९०४ पासून इचलकरंजीस यंत्रमाग चालूं लागले. या सर्वांत धोटा कायमच होता. म्हणून साळ्याच्या मागावरील काठ व गिरणीचा काठ हे दोन्ही बंदच असतात. त्यांतील भेद पाहावयाचा तर कांडी संपल्याची जागा पाहावी. हातमागावर विणकर नवें टोंक जुन्या टोंकाशेजारीं ठेवून पुढें जातो. तेथें बोट-दोन बोटें जोड धागा दिसतो, आणि तो पन्ह्यांत कोठेंही असूं शकतो. नॉर्थ्रप पद्धतीच्या स्वयंचलित मागावर कांडी आपोआप बदलते, ती नेहमीं एकाच बाजूस. लोंबणारें टोंक काठाशीं बसविलेली लहानशी कात्री कापून टाकते. मात्र साध्या यंत्रमागावर कांडी बदलणारा माणूसच असल्यामुळें या एकाच खुणेवर निर्णय देऊं नये.

धोट्यावांचून चालणारे माग ही अलीकडची गोष्ट. स्वित्झर्लंडांतील सुल्झर कंपनीचे असे माग १९५३ च्या सुमारास बाजारांत आले. पुढें रॅपियरचे, हवेच्या व पाण्याच्या झोताचे माग निघाले, व आज ते इचलकरंजीसही चालतात. यांत सुताचा मोठा कोन मागाच्या बाहेर उभा असतो. त्यावरून एका खेपेपुरतें सूत मापून घेतात, तें ताण्यांतून पार नेतात, आणि प्रत्येक खेपेस कात्री तें कापते. अशा रीतीनें प्रत्येक धाग्यास स्वतंत्र टोंकें येतात, व तीं बांधून ठेवणें भाग पडतें. कोठें काठाचे दोन उभे धागे एकमेकांस पीळ देऊन टोंकें आवळतात. कोठें टोंक वळवून पुढच्या खेपेच्या विणींत खोंवतात, त्यामुळें काठ दुप्पट दाट व जाड लागतो. आणि कृत्रिम सुताचा काठ उष्णतेनें वितळवूनही बंद करितात.

यांपैकीं खोंवलेला काठ दोन्ही बाजूंस आढळल्यास तें वस्त्र गेल्या पाऊणशें वर्षांतील मानण्यास हरकत नाहीं. पीळ दिलेल्या काठाविषयीं मात्र सावध राहावें. धोट्याच्या रुंद मागावरही दोन पन्हे शेजारीं शेजारीं विणून मधोमध चिरीत असत, व त्या चिरलेल्या बाजूस असाच काठ बांधीत.

तिसरी खूण रेशमी तुकड्यांची. पोथीच्या वेष्टणास पैठणीचा पदर लावलेला दाखवितात आणि ‘उलट बाजूस सुटे धागे नाहींत, म्हणून अस्सल’ असें म्हणतात. पैठणीच्या नक्षींत प्रत्येक रंगाचा बाणा वेगळ्या तिल्लीवर असून तो आपल्या रंगापुरता जाऊन शेजारच्या रंगाशीं गुंततो; म्हणून दोन्ही बाजू सारख्या दिसतात. हिमरूंत जादा बाणा उलट बाजूस मोकळा पडतो. परंतु जॅकार्ड मागावरील नकलेंतही मागचे मोकळे धागे कापून काढतां येतात, आणि मग पाठ वरवर साफ दिसते. तेव्हां धागे नाहींत एवढें पाहून भागणार नाहीं. नक्षीच्या कडेस रंग एकमेकांत गुंतले आहेत, कीं कापलेलीं बारीक टोंकें उभीं आहेत, हें भिंगानें पाहिलें पाहिजे.

या सर्वांत खरी हानि निराळीच आहे. बस्ते साफसूफ करतांना, किंवा नवीन पेटीच्या मापास बसावें म्हणून, कडा कातरून सारख्या करण्याची खोड पुष्कळ ठिकाणीं आहे. कापडाचा मध्य आपल्याला फारसें सांगत नाहीं. जें सांगावयाचें तें काठ सांगतो, आणि नेमका तोच कात्रीखालीं जातो. कागदाचा समास कोणी कातरला तर आपण त्यास अडाणी म्हणतों; कापडाचा समास कातरणारास मात्र व्यवस्थित म्हणतों!

एवढेंही ध्यानांत ठेवावें कीं, वेष्टणाचा काळ म्हणजे कागदांचा काळ नव्हे. शिवकालीन महजर कालपरवांच्या कापडांत बांधलेला असूं शकतो, त्याबद्दल महजरावर संशय घेण्याचें कारण नाहीं. पण बस्ता शेवटचा केव्हां सोडून बांधला, याची खालची मर्यादा त्या कापडावरून ठरते, आणि कागद मागाहून घुसडले गेले कीं काय, या वादांत ती मर्यादा उपयोगी पडते.

म्हणून यादींत ‘जुनें कापड’ या शब्दांऐवजीं पन्हा किती, काठ दोन आहेत कीं एक, तो वळलेला, पिळलेला, खोंवलेला कीं कापलेला, दशा उभ्या धाग्याच्या कीं आडव्या, आणि कांडीचा जोड कोठें आहे, इतकें तरी लिहावें. यास एक भिंग व मोजपट्टी पुरे. कात्रीचें मात्र तेथें काम नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.