पाय कोणत्या रंगाचे होते?

सीवूड्सच्या टी. एस. चाणक्य पाणथळीवर लोक फ्लेमिंगो बघायला जातात. चिखलात तुरुतुरु धावणाऱ्या चिमणीएवढ्या करड्या पक्ष्यांकडे फारसं कुणी बघत नाही. मी बघतो. गेल्या हिवाळ्यात त्यातला एक टिपला आणि पक्षिनिरीक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. अर्ध्या मिनिटात एका सरांचं उत्तर: 'टेमिंक्स स्टिंट. कन्फर्म.' खाली टाळ्या, नमस्कार. मी यादीत तसं लिहूनही टाकलं. रात्री एका मुलीने विचारलं, 'सर, पाय कोणत्या रंगाचे दिसले?' प्रश्न नेमका होता. लिटल स्टिंटचे पाय काळे, टेमिंक्सचे पिवळसर-हिरवट. आणि माझ्या फोटोत ते चिखलाने माखलेले. सरांनी लिहिलं, 'वीस वर्षं बघतोय.' विषय संपला. फोटो माझा होता, मी बोलायला हवं होतं. बोललो नाही.

अशा सरांची आपण खासगीत टिंगल करतो. वाटतं, आतून पोकळ असणार, दोन अवघड प्रश्न विचारले की उघडा पडेल. मलाही तसंच वाटायचं, कर्नल रिचर्ड मेनर्ट्झहागेनबद्दल वाचेपर्यंत.

हा माणूस पोकळ नव्हता. पक्ष्यांवर त्याने जाडजूड ग्रंथ लिहिले. सलीम अलींसारखा पारखी १९३७ मध्ये त्याच्याबरोबर अफगाणिस्तानात पक्षी बघत हिंडला. आणि तोच संग्रहालयांतले नमुने चोरून त्यांवर आपल्या नावाच्या, खोट्या गावांच्या चिठ्ठ्या लावायचा. त्यातला एक आपल्या खानदेशातला रानपिंगळा. जेम्स डेव्हिडसनने १८८४ मध्ये मिळवलेल्या नमुन्यानंतर हा पक्षी कुणाला खात्रीने सापडला नव्हता. अपवाद फक्त मेनर्ट्झहागेनचा: म्हणे १९१४, मांडवी, गुजरात. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी त्या नमुन्याचे एक्स-रे काढले. पेंढा नव्याने भरलेला होता, पण मूळची घडण डेव्हिडसनच्या हातची. म्हणजे पक्षी चोरलेला आणि पत्ता बनावट. तोवर शोधणाऱ्यांच्या नकाशावर एक खोटी जागा खरी म्हणून बसली होती.

रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांनी ती जागा बाजूला ठेवली. खात्रीच्या चिठ्ठ्यांवरच्या पूर्वेकडच्या जागा आधी पाहिल्या, हाती काही लागलं नाही, मग शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला आले. नोव्हेंबर १९९७ मध्ये रानपिंगळा दिसला, ११३ वर्षांनी. डोक्यावर जवळपास ठिपके नाहीत, शेपटीवर रुंद पट्टे, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. फोटो आणि चित्रफीतही घेतली. त्यांच्यावर विश्वास ठेवायची गरजच उरली नाही. ज्याला शंका त्याने बघावं.

त्यामुळे ज्ञानाची परीक्षा घेऊन तज्ज्ञ ओळखता येतो, हे मला आता पटत नाही. मेनर्ट्झहागेन अशा परीक्षेत पहिला आला असता. लेन्स सहाशेची आहे, आयुष्यात किती जाती पाहिल्या, किती वर्षं झाली, यातून तर काहीच कळत नाही. मी एवढंच बघतो की आपण कुठे चुकू शकतो, ती जागा तो समोरच्याला दाखवतो की झाकतो. ऑफिसात सीनियरने कोड न वाचता 'बरोबर आहे' म्हटलं तर आम्ही त्याला रिव्ह्यू म्हणत नाही. (म्हणतो, पण शुक्रवारी संध्याकाळीच.)

एका टिलव्यावरून एवढं कशाला, असं कुणी म्हणेल. पण याच पाणथळीवर गोल्फ कोर्स आणि घरं येणार होती. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते अडवलं. असल्या भांडणात इथे कोणते पक्षी येतात, हे नोंदींवरूनच दाखवावं लागतं. एक नोंद 'वीस वर्षं बघतोय' या आधारावर निघाली, तर समोरचा वकील उरलेल्यांवरही बोट ठेवेल.

आणि त्या मुलीचं काय? तिने त्यानंतर ग्रुपवर काही विचारलेलं मला आठवत नाही. सरांची चूक झाली असेलही, नसेलही, कदाचित तो टेमिंक्सच असेल. पण नुकसान त्या एका ओळीने केलं, आणि त्यात माझं गप्प बसणंही धरायला हवं.

आठवड्याने मी यादीतली नोंद बदलली: 'स्टिंट, जात नक्की नाही.' ग्रुपवर कारणही लिहिलं, पाय चिखलात होते, प्रश्न बरोबर होता. सरांनी अंगठा पाठवला. त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.