जुन्या तबकड्या, राहिलेले हिशेब

अमेरिकेतल्या ओहायो राज्याची राजधानी कोलंबस. तिथे १९७०च्या आसपास बिल मॉस या रेडिओ निवेदकाने कॅपसोल नावाची छोटी रेकॉर्ड कंपनी काढली. गायक-वादक बहुतेक त्याच परिसरातले, भांडवल तुटपुंजं, वितरणाची ताकद जेमतेम. काही वर्षांतच कंपनी बंद पडली. मोटाउन आणि स्टॅक्स या बड्या कंपन्यांभोवती फिरणाऱ्या सोल संगीताच्या इतिहासात तिची नोंद कुणी घेतली नसती. पण शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपने २००४ साली आपल्या पहिल्याच प्रकाशनासाठी कॅपसोलचा ऐवज निवडला. मॅरियन ब्लॅकसारख्या गायकाचा आवाज जगभर पोचला तो गाणं गाऊन तीसेक वर्षं उलटल्यावर.

गेल्या तीन दशकांत पुनर्प्रकाशनाचं हे काम करणाऱ्या लेबलांची एक फळीच उभी राहिली आहे. मँचेस्टरच्या ब्लड अँड फायरने १९९३पासून सत्तरच्या दशकातलं रेगे आणि डब पुन्हा बाजारात आणलं. लंडनच्या सोल जॅझने जमैकातल्या किंग्स्टनच्या स्टुडिओ वनचा खजिना नव्या पिढीसमोर उलगडला. सिएटलच्या लाइट इन द अ‍ॅटिकने विस्मरणात गेलेल्या एकेकट्या कलावंतांचा माग काढला. त्याच काळात ब्रुकलिनची डॅपटोन आणि बिग क्राउन, ओहायोची कोलमाइन ही स्वतंत्र लेबलं जुन्या सोल-फंकच्या शैलीतलं नवं संगीत मुद्रित करू लागली. जुनं आणि नवं आज एकाच दुकानात, एकाच श्रोत्यासाठी शेजारी-शेजारी मांडलेलं असतं. अमेरिकेत २०२२ साली विनाइल तबकड्या सीडींपेक्षा जास्त विकल्या गेल्या, १९८७नंतर प्रथमच. या भरभराटीकडे पाहताना नुसता आनंद पुरत नाही. हे पुनरुज्जीवन कुणाचं भलं करतं, हा माझ्या मते समीक्षेचा पहिला प्रश्न असला पाहिजे.

कारण हे संगीत ज्यांनी घडवलं, त्यांचे हिशेब मुळातच अर्धवट राहिलेले आहेत. क्लेमंट ‘कॉक्सन’ डॉड यांनी १९६३ साली किंग्स्टनच्या ब्रेंटफोर्ड रोडवर स्टुडिओ वन उभा केला. जॅकी मिट्टूसारखे वादक तिथे ठरावीक मजुरीवर वाजवत. त्यांनी रचलेल्या बेस आणि ड्रमच्या एकेका पायावर पुढे कितीतरी गायकांनी गाणी बांधली. तिथल्याच साउंड डायमेन्शन या वाद्यवृंदाचा ‘रिअल रॉक’ हा १९६७चा वाद्यतुकडा घ्या. त्यावर विली विल्यम्सने ‘आर्मागिडियन टाइम’ गायलं. इंग्लंडच्या द क्लॅशने १९७९ साली तेच गाणं पंक श्रोत्यांपर्यंत नेलं. पुढे या तुकड्यावर किती गाणी उभी राहिली याची मोजदाद कठीण आहे. मूळ वादकांच्या पदरात मात्र याचा फारसा वाटा पडला नाही. जमैकात स्वतंत्र देशाचा स्वतःचा कॉपीराइट कायदा यायलाच १९९३ साल उजाडलं.

फंकची कहाणी वेगळी नाही. जन्माने किंग्स्टनच्या असलेल्या डीजे कूल हर्कने ऑगस्ट १९७३मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एका पार्टीत फंक रेकॉर्डमधला फक्त ड्रमचा तुकडा लांबवून वाजवला. जमैकातल्या रस्त्यावरच्या साउंड सिस्टिमची रीत आणि जेम्स ब्राउनचा ठेका तिथे एकत्र आले आणि हिप-हॉपचा पाया पडला. द विन्स्टन्सच्या १९६९च्या ‘आमेन, ब्रदर’मधला ग्रेगरी कोलमनने वाजवलेला जेमतेम सहा-सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा हिप-हॉपमध्ये आणि ब्रिटनच्या जंगल संगीतात हजारो वेळा वापरला गेला. कोलमन २००६ साली विपन्नावस्थेत वारला. वाद्यवृंदाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला २०१५ साली चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे २४,००० पौंड दिले. ही वर्गणी कौतुकास्पद आहे आणि लाजिरवाणीही. जे देणं करारातून मिळायला हवं होतं, ते लोकांच्या चांगुलपणावर सोडून द्यावं लागलं.

चांगलं पुनर्प्रकाशन म्हणजे काय, हे या पार्श्वभूमीवर पाहावं लागतं. अमेरिकी फंक गायिका बेटी डेव्हिस हे त्याचं उत्तम उदाहरण. १९७३ ते १९७५ या काळात तिने तीन अल्बम केले. स्वतः गाणी लिहिणारी, स्वतः निर्मिती करणारी, शरीरसुखाबद्दल आडपडदा न ठेवता गाणारी ही कृष्णवर्णीय स्त्री त्या काळच्या रेडिओला झेपली नाही. पुढे ती संगीतातून बाहेर पडली आणि तिची ओळख ‘माइल्स डेव्हिसची एके काळची बायको’ एवढीच उरली. लाइट इन द अ‍ॅटिकने २००७मध्ये तिच्या रेकॉर्ड पुन्हा काढल्या, आणि १९७६ साली मुद्रित होऊन कपाटात पडलेला अल्बम २००९मध्ये प्रथमच प्रकाशित केला. रेकॉर्डसोबतच्या पुस्तिकेत तिचं आयुष्य आणि काम सविस्तर मांडलं. २०२२ साली ती वारली तेव्हा मृत्युलेखांत तिची गणना फंकच्या अग्रणींमध्ये झाली. एका लेबलच्या चिकाटीने इतिहासातली एक जागा दुरुस्त केली.

पण सगळाच व्यवहार असा स्वच्छ नाही. दुर्मिळता हाच गुण मानण्याची खोड संग्राहकांना असते. कमी प्रती निघाल्या म्हणून एखादी रेकॉर्ड महान ठरत नाही. सामान्य गाणं चाळीस वर्षांनीही सामान्यच राहतं. दुसरा धोका नव्या लेबलांनी चिकटवलेल्या कथांचा. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. २०१० साली ती रेकॉर्ड युरोपात पुन्हा निघाली आणि पाश्चात्त्य लेखकांनी त्यांना ‘अ‍ॅसिड हाउस’ या नृत्यसंगीताचे जनक ठरवून टाकलं. त्यामुळे उतारवयात त्यांना परदेशी रंगमंच मिळाले, याचा आनंदच आहे. पण हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत वर्षानुवर्षं गिटार आणि बेस वाजवणारा मुंबईतला एक तयारीचा वादक, ही त्यांची खरी ओळख त्या गाजावाजात झाकली गेली. २०१५ साली मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांचं चित्रपटसंगीतातलं ते मोठं काम नीट नोंदवणं आपल्याकडेच व्हायला हवं.

आता नव्याकडे वळू. २००१ साली सुरू झालेल्या डॅपटोनने आठ ट्रॅकच्या टेपवर, सगळे वादक एका खोलीत बसवून मुद्रण करण्याची जुनी रीत धरली. डॅपटोनच्या मंडळींच्या आधीच्या डेस्को लेबलने तर अस्तित्वातच नसलेल्या एका कुंग-फू चित्रपटाचं पार्श्वसंगीत ‘जुनं’ म्हणून विकलं होतं. ती नक्कल तिथेच थांबली असती तर लिहिण्याजोगं काही उरलं नसतं. डॅपटोनला मोठं केलं ते शेरॉन जोन्सने. न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगात पहारेकरी म्हणून काम केलेल्या या गायिकेचा पहिला अल्बम २००२मध्ये आला तेव्हा तिने पंचेचाळिशी ओलांडली होती. याच लेबलच्या चार्ल्स ब्रॅडलीचा पहिला अल्बम २०११चा, वयाच्या बासष्टाव्या वर्षी. त्याआधी तो क्लबमध्ये जेम्स ब्राउनची हुबेहूब नक्कल करून पोट भरत असे. या दोघांच्या आवाजातली ओढ टेपच्या खरखरीतून आलेली नव्हती. ती नाकारल्या गेलेल्या आयुष्यांतून आली होती. ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउसच्या ‘बॅक टू ब्लॅक’मध्ये याच लेबलच्या वादकांनी साथ दिली आणि ही शैली कोट्यवधी घरांत गेली.

त्यानंतर अनुकरणाची लाट आली. जुने मायक्रोफोन, जुन्या पद्धतीची मुखपृष्ठं, जुने सूट, सगळं जमून येतं आणि गाण्यात मात्र सांगण्यासारखं काही नसतं. नव्या सोलमधला बराच भाग या दुखण्याने ग्रासलेला आहे. अपवाद तिथे सापडतात जिथे परंपरा तुटलेलीच नव्हती. सॅन डिएगोच्या दी सेक्रेड सोल्सचा २०२२चा अल्बम ऐका. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांत, लोरायडर म्हणजे खाली झुकवून सजवलेल्या गाड्यांच्या सोबतीने, संथ सोल गाणी दशकानुदशकं वाजत राहिली आहेत. तिथल्या तरुणांना ती कुणी शोधून द्यावी लागली नाहीत, घरातच मिळाली. म्हणूनच त्यांच्या हळुवार गाण्यांत उसनवारी जाणवत नाही.

सर्वांत मोलाचं काम मात्र जुनी आणि नवी पिढी एकत्र बसते तिथे होतं. ‘हार्ट ऑफ द काँगोज’ हा द काँगोज या जमैकन गायकगटाचा, निर्माता ली पेरीने ब्लॅक आर्क स्टुडिओत घडवलेला १९७७चा अल्बम. आयलंड रेकॉर्ड्सने तो जगापुढे आणण्यात रस दाखवला नाही, आणि जवळपास वीस वर्षांनी, १९९६मध्ये, ब्लड अँड फायरने त्याला योग्य रूप दिलं. गोष्ट तिथे संपली नाही. सन आरॉ आणि एम. गेडिस गेन्ग्रास हे अमेरिकी इंडी संगीतकार जमैकात जाऊन द काँगोजसोबत नवा अल्बम करून आले; तो २०१२ साली निघाला. त्यातलं संगीत १९७७ची आठवण काढत बसत नाही. म्हाताऱ्या कंठांना ते अनोळखी नादांमध्ये नेऊन सोडतं. याच गटातला सेड्रिक मायटन पुढे ‘इना दि यार्ड’ या उपक्रमात केन बूथ आणि इतर ज्येष्ठांसोबत अंगणात बसून साध्या वाद्यांवर गायला. या रेकॉर्ड ऐकताना कळतं की पुनर्शोधाला पूर्णत्व येतं ते जिवंत कलावंताला नवं काम मिळाल्यावर.

माझा निष्कर्ष सरळ आहे. जुन्या रेकॉर्डचं पुनर्प्रकाशन वादकांची नावं छापत असेल, हयात कलावंताला किंवा त्याच्या वारसांना पैसे देत असेल आणि त्या काळाची हकीकत खरी सांगत असेल, तर ते कलेचं काम आहे. नाहीतर तो जुन्या मालाचा व्यापार. नवी रेकॉर्ड आजच्या माणसाचं काही बोलत असेल तर ती त्या परंपरेची पुढची कडी आहे. नाहीतर नुसती सजावट. श्रोत्यांच्या हातात थोडंफार आहे. विकत घेण्याआधी कव्हर उलटून पाहा, वादकांची नावं वाचा, लेबलने हक्क कुणाकडून घेतले ते तपासा. आणि जुन्या रेकॉर्डवर जेवढे पैसे खर्च कराल, त्यातला काही वाटा आज गाणाऱ्यांसाठी बाजूला ठेवा. त्यांना ऐकायला पुढच्या पिढीची वाट पाहायला लावू नका.